स्तनाचा कर्करोग, जंतुसंसर्ग आणि शरीराचे राखणदार

स्तनाच्या कर्करोगाचे उपचार संपवून एखादी स्त्री घरी परतते, तेव्हा भेटीस येणाऱ्या प्रत्येकाजवळ तिच्यासाठी एखादा तरी सल्ला असतो. कोणी आवळ्याचे गुण सांगतो, कोणी गुळवेलीचा काढा सुचवतो, कोणी परदेशी भुकटीचा डबाच हातात ठेवतो. सल्ले निरनिराळे असले तरी त्यांचा सूर एकच असतो : ‘आता प्रतिकारशक्ती वाढवायला हवी.’ हेतू चांगलाच असतो. मात्र या वाक्यामागे एक समजूत दडलेली आहे. प्रतिकारशक्ती म्हणजे जणू रांजणातले पाणी; जितके अधिक तितके बरे, आणि रांजण काठोकाठ भरलेला असला की रोग पुन्हा फिरकणार नाही. संशोधनातून समोर आलेले चित्र याहून पुष्कळ गुंतागुंतीचे आहे. राखणदार पेशी स्तनातील गाठीपर्यंत पोहोचल्याच नाहीत, असे फार थोड्या वेळा घडते. बहुतेकदा त्या तेथे मोठ्या संख्येने हजर असतात, आणि त्यांच्यापैकी काही गाठीच्याच चाकरीत रुजू झालेल्या असतात.

गाठीत पांढऱ्या पेशी असतात, हे जर्मन विकृतिशास्त्रज्ञ रुडॉल्फ विर्खो यांनी १८६३ सालीच नोंदवले होते. दीर्घकाळ चाललेला दाह आणि कर्करोग यांचे काही नाते असावे, असा तर्कही त्यांनी मांडला. त्यानंतर बराच काळ या पेशींकडे शत्रूशी लढायला आलेले सैन्य म्हणूनच पाहिले गेले. १९८६ साली बोस्टनचे हॅरॉल्ड ड्वोराक यांनी एक वेगळी कल्पना पुढे ठेवली. कर्करोगाची गाठ ही कधीही भरून न येणाऱ्या जखमेसारखी वागते, असे त्यांचे म्हणणे होते. विळीवर बोट कापले की प्रथम रक्त गोठते, मग न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी जंतूंना मारण्यासाठी धावतात, त्यांच्यामागून महाभक्षी पेशी येतात. महाभक्षी पेशी मेलेले पेशीजाल गिळून जागा स्वच्छ करतात, नव्या रक्तवाहिन्यांना वाट करून देतात, कातडीच्या पेशींना वाढीचा निरोप देतात. आठ-दहा दिवसांत जखम भरते आणि ही सारी मंडळी माघारी जातात. गाठीजवळ मात्र त्यांना माघारीचा निरोप मिळतच नाही. जखम भरण्यासाठी असलेली सगळी सामग्री, म्हणजे रक्तपुरवठा, वाढीची द्रव्ये, ऊती विरघळवून वाट काढणारी विकरे, गाठीला आयतीच मिळत राहते.

न्यूयॉर्क येथील अल्बर्ट आइनस्टाइन वैद्यक महाविद्यालयात जेफ्री पोलार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याची कसून परीक्षा घेतली. त्यांनी असे उंदीर निवडले की ज्यांच्या स्तनग्रंथीत कर्करोग हमखास होतो. त्यांतील काहींच्या शरीरात महाभक्षी पेशींना पोसणारे एक द्रव्य निर्माणच होणार नाही, अशी जनुकीय व्यवस्था केली. २००१ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष विचारात पाडणारा होता. महाभक्षी पेशी कमी असलेल्या उंदरांतही मूळ गाठ वेळेवरच उगवली आणि जवळजवळ त्याच गतीने वाढली. परंतु तिचे घातक रूपात जाणे लांबले आणि फुप्फुसापर्यंत पसरणे बरेच कमी झाले. पुढे त्याच संस्थेत जिवंत प्राण्याच्या गाठीत सूक्ष्मदर्शकाने डोकावून पाहिले गेले, तेव्हा कर्कपेशी आणि महाभक्षी पेशी एकमेकींना खुणावत, एकामागून एक रक्तवाहिनीकडे सरकताना दिसल्या. एकीने सोडलेले द्रव्य दुसरीला बोलावते, दुसरीने सोडलेले पहिलीला पुढे ढकलते. कर्कपेशी रक्तात शिरते तीही बहुधा अशा महाभक्षी पेशीच्या शेजारूनच. स्तनाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू स्तनातील गाठीमुळे क्वचितच होतात. ते होतात हा रोग फुप्फुस, यकृत, हाडे, मेंदू येथे पसरल्यामुळे. म्हणून या सरकण्याला एवढे महत्त्व.

(या प्रयोगांत मुक्या जीवांचा बळी जातो, हे अनेक वाचकांना रुचणार नाही, आणि तसे न रुचणे रास्तच आहे. तथापि पुढे येणारी बरीचशी माहिती याच मार्गाने मिळालेली आहे, ही वस्तुस्थिती लपवणेही प्रामाणिकपणाचे होणार नाही.)

राखणदारांची ही गोष्ट झाली. जंतुसंसर्गाचा त्यात संबंध कोठे येतो? त्यासाठी आणखी मागे, १९३६ साली अमेरिकेच्या मेन राज्यातील बार हार्बर या लहानशा गावी जावे लागते. तेथील जॅक्सन प्रयोगशाळेत उंदरांच्या शुद्ध वंशावळी जोपासल्या जात. काही वंशांत माद्यांना स्तनाचा कर्करोग फार होई, काहींत जवळजवळ होत नसे. हा दोष आईच्या बाजूने येतो, बापाच्या नव्हे, एवढे लक्षात आले होते. पण तो रक्तातून येतो की गर्भातून, हे कळत नव्हते. जॉन बिटनर यांनी साधी युक्ती केली. कर्करोगी वंशाची पिल्ले जन्मताच उचलून निरोगी वंशाच्या माद्यांच्या अंगावर पाजली. त्या पिल्लांतील कर्करोगाचे प्रमाण एकदम घटले. दोष दुधातून येत होता. बिटनर यांनी त्याला नुसता ‘दुधातील घटक’ म्हटले. पुढे तो घटक म्हणजे एक विषाणू असल्याचे सिद्ध झाले.

या विषाणूची कथा येथेच संपली असती, तर ती केवळ उंदरांपुरती राहिली असती. पण त्याचा प्रवास उलगडत गेला तसा राखणदार पेशींचा प्रश्न पुन्हा समोर आला. दूध पिल्लाच्या पोटात जाते. तेथून स्तनग्रंथी खूप दूर. मग विषाणू तेथवर पोहोचतो कसा? तो प्रथम आतड्यालगतच्या बी पेशींत शिरतो. त्या पेशींच्या पृष्ठभागावर तो एक विशेष प्रथिन मांडतो, आणि ते पाहून टी पेशींचा एक मोठा गट एकाच वेळी खवळून उठतो. टी पेशी खवळल्या की बी पेशींना वाढीचे संदेश मिळतात. वाढतात त्या नेमक्या विषाणू बाळगणाऱ्या बी पेशी. जो प्रतिकार विषाणूला संपवण्यासाठी उभा राहायचा, त्यावरच विषाणू स्वार होतो आणि या पेशींच्याच खांद्यावरून स्तनग्रंथीपर्यंत जातो. तेथे तो पेशींच्या जनुकमालिकेत स्वतःला गुंफतो. तो चुकून वाढीच्या जनुकाशेजारी जाऊन बसला तर ते जनुक अखंड जागे राहते. अशा प्रकारचे एक जनुक रोएल नुसे आणि हॅरॉल्ड व्हार्मस यांनी १९८२ साली शोधून काढले. १९९०च्या दशकारंभी आणखी एक गोष्ट दिसली. ज्या उंदरांत खवळणाऱ्या टी पेशींचा तो विशिष्ट गट मुळातच नसतो, त्यांना दुधातून विषाणू मिळूनही संसर्ग नीट मूळ धरत नाही. राखणदार कमी, आणि रोगही कमी. रांजणाच्या उपमेत हे कोठेच बसत नाही.

साहजिकच प्रश्न आला, स्त्रियांच्या दुधातही असा काही विषाणू असेल काय? येथे मुंबईचा संबंध येतो. पारशी समाज लहान, लग्ने समाजातच होणारी, आणि त्या समाजातील स्त्रियांत स्तनाच्या कर्करोगाचे प्रमाण मुंबईच्या इतर समाजांपेक्षा अधिक. संशोधकांना त्यात बार हार्बरच्या वंशावळींची छाया दिसली. १९७१ साली ‘नेचर’ या नियतकालिकात अमेरिकेचे डॅन मूर, मुंबईच्या सत्यवती सिरसाट आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा लेख आला. पारशी स्त्रियांच्या दुधात उंदरांच्या विषाणूसारखे कण तुलनेने अधिक जणींत आढळतात, असे त्यात म्हटले होते. लेखाने मोठी खळबळ उडाली. परंतु नंतरच्या तपासण्यांतून त्या कणांची खात्री पटली नाही, आणि मानवी स्तनाच्या कर्करोगाचे कारण म्हणून कोणत्याही विषाणूला आजवर सर्वमान्यता मिळालेली नाही. पारशी स्त्रियांतील अधिक प्रमाणामागे उशिरा होणारी लग्ने, कमी मुले, उतारवयापर्यंत लाभणारे आयुष्य ही कारणे पुरेशी बोलकी आहेत.

दुधाविषयीचा संशय तर पुढे पार उलटला. ३० देशांतील ४७ अभ्यासांची एकत्रित छाननी २००२ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाली. स्तनपानाच्या दर बारा महिन्यांमागे आईच्या स्तनाच्या कर्करोगाचा धोका सुमारे ४.३ टक्क्यांनी कमी होतो, असे तिच्यातून दिसले. तेव्हा घरात कोणाला हा रोग झाला म्हणून लेकीने किंवा सुनेने बाळाला अंगावर पाजू नये, अशी कुजबुज कोठे कानी आली तर तिला काही आधार नाही. त्याचप्रमाणे हा रोग स्पर्शाने, एका ताटात जेवल्याने, रुग्णाचे कपडे धुतल्याने कोणाला होत नाही. सुशिक्षित घरांतही रुग्णेचा पेला वेगळा ठेवला जातो, हे दुःखद आहे.

संसर्गाने स्तनाचा कर्करोग होतो असे म्हणता येत नाही. मात्र आधीच झालेल्या आणि शांत झालेल्या रोगावर संसर्गाचा काय परिणाम होतो, हा प्रश्न निराळा आहे, आणि गेल्या काही वर्षांत तो फार महत्त्वाचा ठरला आहे.

शस्त्रक्रिया, किरणोपचार, केमो सारे काही यथास्थित होऊनही काही स्त्रियांत पाच, दहा, क्वचित वीस वर्षांनी रोग परततो. इतकी वर्षे तो कोठे होता? मूळ गाठीतून फार लवकर निसटलेल्या मोजक्या पेशी फुप्फुसात किंवा हाडांच्या मगजात निपचित पडून राहतात. त्या वाढत नाहीत, म्हणून तपासणीत दिसत नाहीत; विभागत नाहीत, म्हणून केमोला दाद देत नाहीत. जमिनीत पडलेल्या बियाण्यासारखी त्यांची अवस्था असते. बहुतेक वेळा त्या आयुष्यभर तशाच राहतात. मग कधीतरी त्यांना जाग कशाने येते?

न्यूयॉर्क राज्यातील कोल्ड स्प्रिंग हार्बर प्रयोगशाळेत मिकाला एगेब्लाड यांच्या गटाने २०१८ साली एका कारणाचा छडा लावला. फुप्फुसात निद्रिस्त कर्कपेशी असलेल्या उंदरांच्या नाकावाटे जिवाणूंच्या आवरणातील एक द्रव्य सोडले गेले. दुसऱ्या काही उंदरांना तंबाखूच्या धुरात ठेवले गेले. दोन्हींनी फुप्फुसात दाह झाला आणि न्यूट्रोफिल धावून आले. न्यूट्रोफिलांचे एक विलक्षण शस्त्र आहे. ते आपल्याच केंद्रकातील डीएनएचे तंतू बाहेर फेकून जाळे विणतात आणि त्यात जंतूंना अडकवतात. या जाळ्याला चिकटलेली विकरे जंतूंबरोबर आजूबाजूची चौकटही कापतात. फुप्फुसातील पेशी ज्या प्रथिनाच्या पायावर बसलेल्या असतात, ते लॅमिनिन या विकरांनी तुटले. तुटलेल्या लॅमिनिनचा नवा कोपरा उघडा पडला, शेजारच्या निद्रिस्त कर्कपेशीला तो लागला, आणि ती विभागू लागली. जंतूंसाठी पसरलेल्या जाळ्याने अशी भलतीच पेशी उठवली. तो कोपरा झाकणारे प्रतिद्रव्य दिलेल्या उंदरांत मात्र पेशी जाग्या झाल्या नाहीत.

पुढचा टप्पा २०२५च्या जुलैमधला. कोलोरॅडो विद्यापीठाचे जेम्स डीग्रेगरी आणि अनेक देशांतील सहकाऱ्यांनी ‘नेचर’मध्ये लिहिले की उंदरांना इन्फ्लुएंझाचा किंवा कोविडच्या विषाणूचा संसर्ग झाल्यावर फुप्फुसातील निद्रिस्त स्तन-कर्कपेशी काही दिवसांतच जाग्या होतात आणि दोन आठवड्यांत त्यांची संख्या प्रचंड वाढते. विषाणू या पेशींना स्वतः उठवत नाही. उठवते ते संसर्गाशी लढताना शरीराने सोडलेले इंटरल्यूकिन-६ हे द्रव्य. ते द्रव्य ज्या उंदरांत नव्हते, त्यांच्यात ही वाढ फारशी झाली नाही. त्यापुढची गोष्ट अधिकच चमत्कारिक आहे. संसर्ग ओसरल्यावर जागे झालेल्या पेशींना मारण्यासाठी मारक टी पेशी सज्ज व्हायला हव्या होत्या. पण साहाय्यक टी पेशींनीच त्यांना आवर घातला आणि कर्कपेशींना अभय मिळाले.

उंदरांत घडते ते माणसांत तसेच घडते असे नाही, म्हणून याच संशोधकांनी रुग्णांच्या नोंदीही तपासल्या. ब्रिटनच्या यूके बायोबँक या संग्रहातील कर्करोगातून सावरलेल्या व्यक्तींपैकी ज्यांना कोविड झाला, त्यांच्यात पुढे कर्करोगाने मृत्यू येण्याचा धोका न झालेल्यांच्या जवळपास दुप्पट आढळला, आणि तो संसर्गानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत सर्वाधिक होता. अमेरिकेतील स्तनाच्या कर्करोगाच्या रुग्णांच्या नोंदींत कोविडनंतर फुप्फुसात रोग पसरण्याचे प्रमाण सुमारे ४४ टक्क्यांनी अधिक दिसले. हे आकडे वाचून घाबरण्याआधी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. हा धोका तुलनेने वाढला आहे. मूळचा धोका लहान असेल तर त्याची दीडपटही लहानच राहते. बहुसंख्य सावरलेल्या स्त्रियांना सर्दी-ताप येतो, जातो, आणि काहीही होत नाही. शिवाय नोंदींतून दिसलेला संबंध म्हणजे कार्यकारणाचा पुरावा नव्हे.

हे सारे वाचून राखणदार पेशी वैरीच आहेत, असे कोणास वाटले तर तीही चूकच होईल. स्तनाच्या ज्या कर्करोगात तिन्ही नेहमीच्या खुणा नसतात, ज्याला डॉक्टर ‘ट्रिपल निगेटिव्ह’ म्हणतात, त्यात गाठीच्या आत शिरलेल्या लसीका पेशी जितक्या अधिक, तितकी रुग्णेची पुढील वाटचाल चांगली, असे अनेक अभ्यासांत दिसले आहे. कर्कपेशी टी पेशींना ‘थांबा’ अशी खूण करून फसवतात. ती खूण झाकणाऱ्या औषधांच्या मूळ शोधासाठी जेम्स ॲलिसन आणि तासुकू होंजो यांना २०१८चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांपैकी पेम्ब्रोलिझुमॅब हे औषध याच प्रकारच्या, जोखमीच्या पण न पसरलेल्या कर्करोगात शस्त्रक्रियेआधी केमोसोबत देण्यास अमेरिकेत २०२१ साली मान्यता मिळाली. ते भारतातही मिळते; किंमत मात्र सामान्य कुटुंबाच्या आवाक्याबाहेरची आहे. त्याचे दुष्परिणामही बोधप्रद आहेत. लगाम सुटलेली प्रतिकारशक्ती काही रुग्णांत थायरॉइड, आतडे, यकृत, फुप्फुस यांवरच हल्ला चढवते.

म्हणजे प्रश्न प्रतिकारशक्ती किती, हा नसून ती कोणत्या कामाला लागली आहे, हा आहे. डब्यातली भुकटी हे ठरवू शकत नाही. ‘नैसर्गिक म्हणजे निर्धोक’ हेही गृहीत धरू नये. कोविडच्या काळात गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ साली प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने तिच्यावर आक्षेप घेतला आणि वाद झाला. वाद कसाही मिटो, केमो चालू असताना यकृतावर आधीच ताण असतो. त्या काळात काढा असो वा गोळी, ती घेण्यापूर्वी उपचार करणाऱ्या डॉक्टरांना दाखवणे एवढे तरी घडावे.

करण्यासारख्या गोष्टी साध्या आहेत. सावरलेल्या स्त्रीने इन्फ्लुएंझाची लस दरवर्षी घ्यावी काय आणि केव्हा, हे आपल्या कर्करोगतज्ज्ञांना विचारावे. टोचून दिली जाणारी मृत विषाणूंची लस अशा रुग्णांना सहसा चालते. घरात कोणी खोकत असेल तर त्याने मुखपट्टी बांधावी आणि काही दिवस वेगळ्या खोलीत निजावे. पेला वेगळा करायचाच असेल तर तो खोकणाऱ्याचा करावा. घरातील पुरुषांचे धूम्रपान हा आता केवळ त्यांचा प्रश्न राहिलेला नाही, हे तंबाखूच्या धुराचा तो प्रयोग वाचल्यावर वेगळे सांगायला नको.

केमो चालू असताना मात्र चित्र बदलते. तेव्हा न्यूट्रोफिल फार कमी होतात, आणि तेच न्यूट्रोफिल नसल्यामुळे साधा संसर्गही काही तासांत जिवावर बेतू शकतो. ताप ३८ अंश सेल्सियस, म्हणजे १००.४ अंश फॅरनहाइटपर्यंत गेला की तापाची गोळी देऊन सकाळची वाट पाहू नये. रात्र असली तरी रुग्णालय गाठावे. केमोच्या काळात घरात थर्मामीटर असावा आणि तो कोठे ठेवला आहे हे सर्वांना ठाऊक असावे.

आणखी एक बाब संसर्गाशी नव्हे, संसर्गाच्या भासाशी निगडित आहे. स्तन अचानक लाल होणे, गरम लागणे, सुजणे, कातडी संत्र्याच्या सालीसारखी खडबडीत दिसणे ही लक्षणे बाळाला पाजणाऱ्या स्त्रीत बहुधा जंतुसंसर्गाची असतात आणि प्रतिजैविकांनी थोड्याच दिवसांत ओसरतात. पण क्वचित, अगदी अशाच रूपात, कर्करोगाचा एक वेगवान प्रकार येतो. त्यात हाताला गाठ लागेलच असे नाही. लाली जंतूंमुळे नसते. कर्कपेशींनी कातडीतील लसीकावाहिन्या तुंबवल्यामुळे ती आलेली असते. काही आठवड्यांतच हा रोग पुढे जातो, आणि संकोचापोटी किंवा ‘गळू असेल’ या समजुतीने नेमके तेच आठवडे वाया जातात. आठवडा-दहा दिवसांच्या औषधाने लाली उतरली नाही, विशेषतः अंगावर बाळ नसलेल्या स्त्रीत, तर प्रतिजैविकाचा दुसरा कोर्स सुरू करण्याऐवजी सोनोग्राफी, मॅमोग्राम आणि कातडीसह लहानसा तुकडा काढून तपासणी करण्याविषयी डॉक्टरांना स्पष्ट शब्दांत विचारावे. विचारायला तिला संकोच वाटत असेल तर सोबत गेलेल्या मुलीने, जावेने किंवा पतीने विचारावे.